हवेचा हिशेब आणि एक फुटलेला पिस्टन

१/ माझ्या लेखनाच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक पिस्टन ठेवलेला असतो. नीट पाहिले तर त्याच्या वरच्या कडेला, दोन रिंगांच्या मधल्या जागी, नखाएवढा तुकडा उडालेला दिसतो. घरी येणारे विचारतात, हा कसला? आजवर मी हसून विषय बदलत आलो. आज मात्र त्याचीच गोष्ट सांगणार आहे. ती माझ्या एका चुकीची आहे आणि त्या चुकीचे मूळ समजायचे तर सव्वाशेहून अधिक वर्षांच्या तंत्रेतिहासात शिरावे लागते. थ्रेड मोठा आहे; सवडीने वाचावा.

२/ प्रथम प्रश्न समजून घेऊ. पेट्रोल एकटे जळत नाही. त्याला हवा लागते, आणि तीही ठरावीक प्रमाणात. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलला जवळजवळ ११ किलो हवा, आकारमानाने साधारण दहा हजार लिटर! पेट्रोल टाकीत असते, नळीतून येते, त्याचे माप घेता येते. हवा मात्र सर्वत्र आहे आणि हातात कोठेच नाही. इंजिनाने या क्षणी किती हवा आत घेतली, हे ठरवणे हाच इंधनपुरवठ्याच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

३/ पहिल्या पिढीने या प्रश्नाला फार सुंदर बगल दिली. अरुंद वाटेतून जाताना प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो. डॅनिएल बर्नुली यांच्या १७३८ च्या ग्रंथात या विचाराचा पाया आहे, आणि जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी यांनी १७९७ मध्ये निमुळत्या नळ्यांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ च्या सुमारास तुषार उडवणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. हवा अरुंद गळ्यातून धावते, तिथला दाब पडतो आणि पेट्रोल आपोआप खेचले जाते. हवा जितकी जास्त, तितकी ओढ जास्त. कोणी काही मोजत नाही. हवा स्वतःच आपले पेट्रोल मागून घेते.

४/ ही युक्ती शंभर वर्षे टिकली. तिची मर्यादा मात्र एका युद्धात जगासमोर आली. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात स्पिटफायर आणि हरिकेन विमानांचे मर्लिन इंजिन कार्ब्युरेटरवर चालत होते. विमानाने एकदम नाक खाली घातले की कार्ब्युरेटरच्या कटोरीतील पेट्रोल वर उचलले जाई. इंजिन आधी उपाशी राही, मग अति पेट्रोलाने गुदमरे. जर्मन मेसरश्मिट विमानांच्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असे, त्यामुळे त्यांना हा त्रास नव्हता. पाठलाग होताच जर्मन वैमानिक सरळ खाली झेपावत आणि निसटत.

५/ यावर तोडगा काढला बिएट्रिस शिलिंग या अभियंतीने. फार्नबरो येथील सरकारी विमानसंशोधन संस्थेत त्या काम करीत; त्याआधी ब्रुकलंड्सच्या मार्गावर त्यांनी मोटरसायकलच्या शर्यती गाजवल्या होत्या. १९४१ च्या आरंभी त्यांनी इंधनाच्या वाटेत बसवायची, मधोमध नेमके छिद्र असलेली एक छोटीशी चकती दिली. पूर्ण ताकदीला लागेल तेवढेच पेट्रोल त्यातून जाई, त्याहून जास्त नाही. गुदमरणे थांबले. हा उपाय संपूर्ण नव्हता, पण इंजिनाची खरी भूक किती आहे हे त्यांना अचूक ठाऊक होते, म्हणूनच तो साधला. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो मलाच बोचणार आहे.

६/ युद्धानंतर फवारणीचे तंत्र मोटारींत आले. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये बॉशची यांत्रिक फवारणी होती. विद्युत नियंत्रणाचा पहिला गाजलेला प्रयत्न अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने केला. त्याचे नाव ‘इलेक्ट्रोजेक्टर’. १९५८ सालच्या क्रायस्लर समूहाच्या काही गाड्यांत तो बसवला गेला. अशा जेमतेम ३५ गाड्या विकल्या गेल्या आणि त्यांतील बहुतेकांवर पुढे पुन्हा कार्ब्युरेटर चढवावा लागला. कल्पना योग्य होती. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग इंजिनाची उष्णता आणि हादरे सोसण्याइतके पक्के नव्हते. बेंडिक्सचे पेटंटहक्क पुढे बॉशकडे गेले.

७/ मग हा विषय पुन्हा का उचलला गेला? कारण लॉस एंजेलिसच्या धुरात आहे. कॅलिफोर्निया तंत्रसंस्थेतील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले की शहरावर साचणारा तो डोळे झोंबवणारा धूसर पडदा मोटारींच्या न जळालेल्या इंधनावर आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनतो. पाठोपाठ कायदे आले. १९६८ च्या गाड्यांपासून साऱ्या अमेरिकेत धुराच्या मर्यादा लागू झाल्या. आता ‘हवा आपले पेट्रोल मागून घेईल’ एवढ्यावर भागणार नव्हते. हवेचा हिशेब ठेवणे भाग होते.

८/ १९६७ मध्ये फोक्सवागन १६०० या गाडीत बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ यंत्रणा आली. ‘डी’ म्हणजे ‘ड्रुक’, जर्मन भाषेत दाब. ही यंत्रणा हवा मोजत नसे. इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या नळीतील, मॅनिफोल्डमधील, दाब मोजत असे. मायक्रोप्रोसेसर अजून जन्माला यायचा होता; ट्रान्झिस्टरांनी जोडलेली एक पेटी त्या दाबावरून ठरवी की इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा. तर्क रॉबर्ट बॉइल यांच्या १६६२ च्या नियमाच्या परंपरेतला: दाब, तापमान आणि आकारमान ठाऊक असेल, तर वायूचे वजन काढता येते.

९/ गणित करून पाहू. १३०० सीसीचे चार सिलिंडरी इंजिन घ्या. एका सिलिंडरचे आकारमान ३२५ सीसी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, म्हणून हवेचा दाब मुंबईपेक्षा किंचित कमी. आत येणारी हवा ४० अंश तापलेली असेल, तर तो सिलिंडर काठोकाठ भरायला एक ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त हवा लागते. पण सिलिंडर काठोकाठ भरत नाही. झडप उघडते, मिटते. हवेला जडत्व असते. आधीचा जळका वायू थोडा आत उरलेला असतो. समजा तो ८५ टक्के भरला. मग पेट्रोल लागते सुमारे २० मिलिग्रॅम. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर हा निवाडा दर सिलिंडरसाठी सेकंदाला ५० वेळा करायचा असतो.

१०/ आता तो ‘८५’ कोठून आला, हे पाहा. दाब आणि तापमान सेन्सर सांगतात, आकारमान इंजिन बांधणाऱ्याला ठाऊक असते. पण सिलिंडर किती टक्के भरला, हे सांगणारा सेन्सर नाही. नळ्यांची लांबी, कॅमचा आकार, नळीत मागे-पुढे धावणाऱ्या दाबाच्या लहरी, यांनुसार तो आकडा दर वेगाला आणि दर दाबाला बदलतो. म्हणून संगणकात एक कोष्टक असते. आडवी १६ घरे, उभी १६ घरे, एकूण २५६ आकडे. ट्यूनिंग करणारे त्याला ‘व्हीई टेबल’ म्हणतात. इंजिनाच्या श्वासाचे ते हस्तलिखित चित्र आहे, आणि ते कोणा माणसाने बसून भरलेले असते.

११/ दुसरा मार्ग होता हवा थेट मोजण्याचा. १९७० च्या दशकात बॉशच्या ‘एल-जेट्रॉनिक’ने वाटेत एक झुलती झडप ठेवली, ‘एल’ म्हणजे ‘लुफ्ट’, हवा. पुढे तापलेली तार आली. वाऱ्याने तार किती थंड होते यावरून प्रवाह काढण्याचे गणित मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातील एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्येच मांडले होते. मोटारीत ती तार १९८० च्या दशकात रुळली. पण तारेलाही प्रवाहाची दिशा कळत नाही. लहरीसरशी हवा क्षणभर उलटी फिरली, तर साधी तार तीही जमेच्या बाजूला धरते. म्हणजे इथेही कोष्टक आणि दुरुस्ती चुकत नाही. मोजमाप म्हणून समोर येणाऱ्या आकड्यातही कोणाचे तरी अनुमान दडलेले असते.

१२/ मग अनुमान खरे की खोटे, हे कसे कळावे? साक्षीदार मिळाला १९७६ मध्ये, धुराच्या नळीत. व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत बॉशचा ‘लॅम्डा’ सेन्सर बसवला. झिर्कोनियाची तापलेली टोपी, तिच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. ऑक्सिजनमधल्या फरकाने तीत विजेचा सूक्ष्म दाब निर्माण होतो. त्यामागचे समीकरण वाल्टर नेर्न्स्ट यांचे, १८८९ चे. आता जळून गेलेल्या क्षणाचा पुरावा हाती येऊ लागला. आकडा १ आला तर मिश्रण बरोबर. १ हून कमी आला तर पेट्रोल जास्त. १ हून अधिक आला तर पेट्रोल कमी.

१३/ इतिहासाच्या वाचकांना ही पद्धत परकी वाटू नये. घटना संपून गेलेली असते, हाती उरतो तो तिचा अवशेष, आणि त्यावरून आपण मागे जातो. मी इंजिन ट्यून करायला शिकलो तेव्हा या साम्याने मला मोह पाडला होता. आपण दोन्हीकडे एकच काम करतो, असे मी मित्रांना अभिमानाने सांगे. पण अवशेष नेमका कशाची साक्ष देतो आणि कशाची देत नाही, हा इतिहासकाराचा पहिला प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

१४/ पदवी घेतल्यानंतर दोन-अडीच वर्षे मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका गॅरेजात काम केले. ओतकाम, लेथ आणि वेल्डिंगच्या आवाजांत वाढलेली ती वस्ती. गॅरेजाच्या मालकांना सारे वस्ताद म्हणत. आयुष्य कार्ब्युरेटरवर गेलेले. संगणकाला ते हात लावत नसत. ती बाजू माझी. एका मित्राने आपल्या पहिल्या नोकरीतील बचत घालून शर्यतीसाठी एक जुनी १३०० सीसीची गाडी सजवायला घेतली होती. नवा कॅम, वेगळे इंजेक्टर, वेगळा संगणक. कोष्टक भरण्याचे काम त्याने विश्वासाने माझ्यावर सोपवले.

१५/ इंजेक्टर जुन्या बाजारातून आलेले. त्यांच्यासोबत कागद नव्हता. अंगावरच्या क्रमांकावरून शोध घेतला, तर मिनिटाला ३०० सीसी असे उत्तर मिळाले. तो आकडा ३ बार दाबाला असतो, हे मला ठाऊक होते. आणि आम्ही बसवलेला रेग्युलेटर ४ बारवर लावलेला आहे, हेही मला ठाऊक होते. तो मीच लावला होता. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात निरनिराळ्या खोल्यांत राहिल्या. त्यांची भेट झाली नाही. संगणकात मी ३०० भरले.

१६/ इंजिन सुरू झाले. धुराच्या नळीतील सेन्सर सांगू लागला की पेट्रोल जास्त जात आहे. मंद गतीला जास्त, मध्यम गतीला जास्त, पूर्ण थ्रॉटलला जास्त. सगळीकडे साधारण सारखेच. मला वाटले, नव्या कॅममुळे इंजिन आपल्या अंदाजापेक्षा कमी हवा घेत असावे. मी व्हीई टेबल खाली ओढले. दोन रात्री एकेक घर दुरुस्त करीत बसलो. एकंदर घट सुमारे १३ टक्क्यांची झाली. तिसऱ्या दिवशी सेन्सरचा आकडा जिथे हवा तिथे येऊन थांबला. पडद्यावर सारे हिरवे. मित्राने गळामिठी मारली.

१७/ वस्ताद मागे उभे राहून पाहत होते. त्यांनी विचारले, “पोरा, ह्यो आकडा काय सांगतोय?” मी म्हणालो, “सिलिंडर किती भरतो ते, वस्ताद. जास्तीत जास्त ७४ टक्के.” ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कॅम घातला त्यो जास्त हवा घ्यायला. आन् ह्ये म्हणतंय, पहिल्यापेक्षा कमी घेतंय. मग पैसं कशाला घातलं?” मी त्यांना लॅम्डाचा आकडा दाखवला, पुरावा समोर आहे, असे म्हणालो. ते काही बोलले नाहीत. प्लग काढून त्याचा रंग पाहिला, परत लावला आणि चहा सांगितला.

१८/ त्यांचा प्रश्न अचूक होता. धुरातला सेन्सर हवेबद्दल काहीच सांगत नाही आणि पेट्रोलबद्दलही नाही. तो सांगतो फक्त त्या दोहोंचे गुणोत्तर. गुणोत्तर बिघडले तर दोष अंशाचा की छेदाचा, हे त्याला ठाऊक नसते. पेट्रोल मी समजत होतो त्याहून जास्त जात होते. ते दुरुस्त करण्याऐवजी मी संगणकाला हवेबद्दल खोटे सांगितले. दोन खोट्यांचा भागाकार खरा आला.

१९/ ‘गुणोत्तर बरोबर आहे ना, मग बिघडले कुठे?’ असा प्रश्न तुमच्या मनात येईल. इथे इतिहासाचे आणखी एक पान उलटावे लागते. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७३२ आय या गाडीत बॉशची ‘मोट्रॉनिक’ यंत्रणा आली. तिने इंधन आणि ठिणगी या दोन्ही गोष्टी एकाच संगणकाच्या हाती दिल्या. तेव्हापासून हवेचा आकडा एकट्या पेट्रोलपुरता राहिला नाही. ठिणगी केव्हा पाडायची, हेही त्यावरूनच ठरू लागले. आमचाही संगणक याच घराण्यातला. सिलिंडर कमी भरला असेल, तर ज्वाला हळू पसरते, म्हणून ठिणगी लवकर हवी. जास्त भरला असेल, तर उशिरा.

२०/ म्हणजे सिलिंडर खरोखर ८५ टक्के भरत होता आणि संगणक त्याला ७४ समजून ठिणगी तीन-चार अंश लवकर पाडत होता. ठिणगी फार लवकर पडली की उरलेले मिश्रण ज्वालेची वाट न पाहता आपोआप भडकते. त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर हातोडीचे घाव बसावेत तसा तो प्रकार. हळू चालवताना तो झाला असता, तर आम्हाला ऐकू आला असता. तो झाला पूर्ण थ्रॉटलला, उघड्या सायलेन्सरच्या गर्जनेत.

२१/ मे महिन्याची दुपार होती. सरावाची सातवी की आठवी फेरी. गाडीची ताकद अचानक गेली, मागून निळा धूर आला आणि मित्राने ती कडेला घेतली. रात्री हेड उतरवले. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची रिंगेजवळची कड फुटली होती. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, “पेट्रोल खराब असणार.” सकाळी ज्या पंपावर टाकी भरली, त्याच्यावर ढकलून मोकळा झालो. मित्राने लगेच मान्य केले. त्याने त्या पंपाबद्दल चार लोकांना सांगितलेही. मी गप्प बसलो. फुटलेल्या पिस्टनपेक्षा ते गप्प बसणे मला आज अधिक लागते.

२२/ दोन दिवसांनी वस्तादांनी इंजेक्टर काढून माझ्या हातात ठेवले. “जा, मोजून आण.” शेजारच्या गल्लीत इंजेक्टर साफ करणाराकडे काचेच्या मापनळ्यांचे यंत्र होते. दाब ४ बार, वेळ एक मिनिट. चारही नळ्या ३४५ च्या आसपास भरल्या. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ४ भागिले ३ चे वर्गमूळ १.१५५, त्याला ३०० ने गुणले की ३४६. शाळेतल्या मुलाला जमावे असे गणित. त्या काचेसमोर उभा असताना मला शिलिंगबाईंची चकती आठवली. त्यांनी छिद्र पाडण्यापूर्वी पेट्रोलचे माप घेतले होते. मी माप न घेता कोष्टक रंगवले होते.

२३/ त्याच संध्याकाळी मी मित्राला खरे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, “पंपवाल्याचं काय?” आम्ही दोघे त्या पंपावर गेलो. मालकाला यातले काही ठाऊकच नव्हते. पण ज्या चौघांना सांगितले होते, त्यांच्याकडे मात्र मला एकट्याला जावे लागले. नव्या पिस्टनचे आणि कामाचे पैसे मी पुढच्या सात महिन्यांत फेडले. वस्तादांनी मजुरी घेतली नाही, मीही आग्रह धरण्याच्या स्थितीत नव्हतो.

२४/ हे सारे इतिहासाच्या थ्रेडमध्ये का? कारण आपल्या विषयात ही चूक रोज होऊ शकते. एक ओळखीचे उदाहरण घ्या. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन पंचांगाची आहे. इंग्रज त्या काळी तेच वापरत. पोर्तुगिजांनी १५८२ मध्येच ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले होते. त्यानुसार तो दिवस १६ जून. समजा कोणी एका इंग्रजी आणि एका पोर्तुगीज पत्राच्या तारखा तशाच शेजारी मांडल्या, दहा दिवसांचा फरक त्याला खटकला, आणि त्याने तो मिटवण्यासाठी दूताचा प्रवास दहा दिवसांनी लांबवला. बेरीज जुळेल. पण त्या लांबलेल्या प्रवासावरून पुढचा कोणी पावसाबद्दल, रस्त्यांबद्दल, दिरंगाईबद्दल निष्कर्ष काढेल, आणि ते सगळे चुकतील.

२५/ मेळ बसणे म्हणजे खरे असणे नव्हे. जो आकडा पुढे दुसऱ्या निर्णयाचा आधार होणार आहे, तो स्वतंत्रपणे खरा असावा लागतो. म्हणून ट्यूनिंगचा क्रम ठरलेला आहे: आधी इंजेक्टर मापावेत, दाब तपासावा, सेन्सर पारखावेत, जे मोजता येते ते सारे मोजून झाले, की मगच जे मोजता येत नाही त्याच्या कोष्टकाला हात लावावा. आणि कोष्टक भरून झाल्यावर त्याला वस्तादांचा प्रश्न विचारावा: हे इंजिन खरोखर असे वागेल का?

२६/ नव्या पिस्टनसह आम्ही संगणकात ३४६ भरले आणि कोष्टक पुन्हा पहिल्यापासून केले. जास्तीत जास्त भरण ८५ वर आले. लॅम्डाचा आकडा पूर्वीइतकाच उत्तम होता, पडदा पूर्वीइतकाच हिरवा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही कोष्टकांत फरक सांगता आला नसता. गाडी मात्र पुढचा अख्खा हंगाम धावली.

२७/ आपल्याकडे २००० सालाच्या आसपास गाड्यांच्या मागे ‘एमपीएफआय’ अशी अक्षरे अभिमानाने मिरवत असत, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले आणि दुचाक्यांचेही कार्ब्युरेटर जवळपास संपले. आज तुमच्या दारातली स्कूटरही दर क्षणी न दिसणाऱ्या हवेचा अंदाज बांधते आणि धुराकडे पाहून तो पडताळते. त्यामागे कोणीतरी बसून भरलेले एक कोष्टक आहे. त्या व्यक्तीने आधी मापे घेतली असतील, एवढीच आशा.

२८/ गॅरेज सोडताना वस्तादांनी तो पिस्टन कागदात गुंडाळून दिला. “टेबलावर ठेव,” म्हणाले, “कागद उडायचे न्हाईत.” तो तेव्हापासून तिथेच आहे. कोठे काही चुकले असेल, तर जरूर सांगा. मी पंपवाल्याला दोष देणार नाही.